मोटारीची नाडीपरीक्षा

वैद्याकडे एखादा रोगी येतो आणि "पोटांत दुखतें व अंगांत त्राण नाहीं" एवढेंच सांगतो. ह्या दोन शब्दांवर जो वैद्य पुडी बांधून देतो, त्याच्या औषधानें गुण येणें न येणें हें दैवाच्या हवालीं असतें. परंतु जो नाडी पाहतो, जीभ पाहतो, दुखणें जेवणापूर्वीं होतें कीं जेवणानंतर हें विचारतो, तोच रोगाच्या मुळाशीं पोहोंचतो. यंत्रांचेंही असेंच आहे. मोटार बोलत नाहीं असें आपण म्हणतों, पण तें खरें नाहीं. ती आपल्या भाषेंत बोलत असते, आपल्याला ती भाषा ऐकण्याची संवय नसते इतकेंच. प्रस्तुत लेखांत तिच्या दोन नेहमींच्या तक्रारींचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे: एक, चालतांना येणारा 'कट् कट्' असा आवाज, आणि दुसरी, ॲक्सिलेटर दाबूनही गाडीनें वेग न घेणें. ह्या दोन तक्रारी पुष्कळदां जोडीनें येतात, आणि जोडीनें आल्या म्हणून त्या एकाच रोगाचीं लक्षणें आहेत असें मानून मनुष्य फसतो. आम्ही स्वतः फसतां फसतां कसे वांचलों तें आधीं सांगतों.

२०२३ सालच्या दिवाळीच्या सुटींत आम्ही सहकुटुंब वाईहून पांचगणीस निघालों होतों. गाडी लहान, चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी, आणि दुसऱ्याच्या हातून आमच्या हातीं आलेली. पसरणीचा घाट ज्यांनीं पाहिला असेल त्यांस तेथील वळणांचें वर्णन सांगावयास नको. वाईच्या सपाट रस्त्यावर जी गाडी निमूटपणें चालत होती, तिनें पहिल्याच मोठ्या चढावर मान टाकली. ॲक्सिलेटर तळाशीं टेकविला तरी वेग वाढेना. उलट सारी गाडी मधून मधून दचके खाऊं लागली, आणि समोरच्या फलकावरील एक पिवळा दिवा लुकलुकूं लागला. त्यांत भर म्हणून डावीकडच्या प्रत्येक आंखूड वळणावर पुढल्या बाजूनें 'कट् कट् कट्' असा आवाज येऊं लागला. मागें एस.टी.ची बस भोंगा वाजवीत होती. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी. मागच्या बाकावर आमची वृद्ध आई आणि दोन मुलें बसलीं होतीं. पहिल्या गिअरमध्यें कसेबसे आम्ही वर पोहोंचलों.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो आवाज आम्हांस नवा नव्हता. तीन महिने तो शाळेच्या फाटकापाशीं वळतांना ऐकूं येत होता, आणि आम्हीं रेडिओ मोठा करून त्यावर उपाय केला होता.

परत आल्यावर गाडी एका गॅरेजांत दाखविली. तेथील कारागिरानें पुढचें झांकण उघडलें, दोन वेळां एंजिन मोठ्यानें चालवून ऐकलें, आणि निकाल दिला, "एंजिन खोलावें लागेल, चाळीस हजार धरून चाला." आवाज येतो आणि ताकद नाहीं, तेव्हां दोहोंचें मूळ एंजिनांतच असलें पाहिजे, हा तर्क आम्हांसही पटला, इतका पटला कीं, भविष्य निर्वाह निधींतून पैसे काढण्याचा अर्ज लिहावयास आम्ही बसलों. विज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यानें असें करावें ह्याची आतां लाज वाटते; कारण दोन गोष्टी एका वेळीं घडल्या एवढ्यावरून त्या एका कारणानें घडल्या असें ठरत नाहीं, हें आम्हीच दर वर्षीं वर्गांत सांगत असतों.

सुदैवानें एका सहकारी शिक्षकांनीं आग्रह केला म्हणून अर्ज देण्यापूर्वीं गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं हत्याराला हातसुद्धां लावला नाहीं.

"सर, आधीं मला सांगा," ते म्हणाले, "आवाज उभ्या गाडींत येतो का चालत्या?"

"चालत्या."

"सरळ रस्त्यावर, का वळतांना?"

"वळतांना. डावीकडे वळलें कीं जास्त."

"आणि गाडी ओढत नाहीं म्हणतां, ती फक्त वळणावर, का सरळ चढावर पण?"

"सरळ चढावर पण. तेव्हां आवाज मात्र नसतो," असें आम्ही म्हणालों, आणि म्हणतां म्हणतां आमचें आम्हांसच कांहींतरी उमगूं लागलें.

मिस्त्री हंसले. "मग सर, हे दोन रोगी आहेत. तुम्ही त्यांना एकाच खाटेवर निजवलंय."

ह्या तीन प्रश्नांत मोटारीच्या रोगनिदानाचें सारें शास्त्र सांठविलेलें आहे. तेंच आतां आपण क्रमानें पाहूं.

मोटारींत फिरणाऱ्या भागांचे दोन गोट असतात. एक गोट एंजिनाच्या गतीशीं बांधलेला असतो, दुसरा चाकांच्या गतीशीं. आणि दोहोंच्या मध्यें गिअर व क्लच असतात. म्हणून आवाज ऐकतांच पहिला प्रश्न असा करावा कीं, हा आवाज कोणत्या गोटाचा? त्याची परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा आणि एंजिन चालूं द्यावें. आवाज येत असेल व एंजिन जलद करतांच तोही जलद होत असेल, तर तो एंजिनाचा. उभ्या गाडींत आवाज नसेल, तर मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदलून पाहावा. अशा वेळीं चाकांची गति तीच राहते, एंजिनाची मात्र बदलते. आवाजाची लय बदलली नाहीं, तर तो चाकांच्या गोटांतील आहे असें खुशाल समजावें.

ह्याला थोड्या गणिताची जोड देतां येते. लहान मोटारीच्या टायरचा घेर सुमारें १.८ मीटर असतो. गाडी ताशीं १८ किलोमीटर वेगानें चालली म्हणजे सेकंदास ५ मीटर जाते. तेव्हां तिचें चाक सेकंदास तीनपेक्षां कांहींसे कमी फेरे घेतें. उलट एंजिन अगदीं मंद चालत असलें तरी मिनिटास सुमारें ८००, म्हणजे सेकंदास तेरा फेरे घेतें. व्हाल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या गतीनें फिरतो, म्हणून एका व्हाल्व्हची टिकटिक सेकंदास सहा-सात वेळां होते. तात्पर्य, हळू चालत्या गाडींत जी खटखट बोटांवर मोजतां येते ती बहुधा चाकाची. आणि जी शिवणयंत्रासारखी अखंड ऐकूं येते ती बहुधा एंजिनाची. घड्याळ आणि कान एवढींच साधनें ह्यास लागतात.

चाकांकडील आवाजांत सर्वांत निरुपद्रवी आवाज टायरच्या खांचेंत अडकलेल्या खड्याचा. तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदां वाजतो. तेथें खड्याऐवजीं खिळा असला तर मात्र तो उपटून काढण्याची घाई करूं नये. हवा निघून जाईल. चाकावरची सैल टोपी किंवा ब्रेकची सुटलेली पट्टीही असाच आवाज करिते. परंतु चाकाचे नट सैल झाले असतांही 'कट् कट्' वाजतें, आणि ही गोष्ट प्राणावर बेतणारी आहे. म्हणून असा आवाज नव्यानें येऊं लागला, विशेषतः टायर बदलल्यानंतर आला, तर गाडी तत्काळ बाजूस घेऊन पान्यानें प्रत्येक नट तपासून पाहावा. त्यास पैसा लागत नाहीं.

आतां आमच्या गाडीच्या आवाजाकडे वळूं. आजच्या बहुतेक लहान मोटारींत एंजिन पुढल्या चाकांना फिरवितें. हींच चाकें रस्त्यावर वळतातही; म्हणून त्यांना फिरविणारा दांडा, ज्यास आपल्याकडे एक्सल म्हणतात, तो फिरतां फिरतां वांकूं शकला पाहिजे. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यानें अशा वांकणाऱ्या सांध्याचें वर्णन केलें होतें. त्यालाच गॅरेजांत 'क्रॉस' म्हणतात. परंतु हुकच्या सांध्यांत एक खोड आहे. एका बाजूचा दांडा समान गतीनें फिरला तरी दुसऱ्या बाजूचा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो व दोनदां मागें रेंगाळतो. सांधा ३० अंशांत वांकला असेल, तर १०० च्या गतीचे सुमारें ८७ पासून ११५ पर्यंत हेलकावे होतात. वळणाऱ्या चाकाला असे हेलकावे बसले तर स्टिअरिंग हातांत थरथरत राहील.

ही अडचण अल्फ्रेड झेपा या अभियंत्यानें १९२० च्या दशकांत दूर केली. त्यानें एका वाटीसारख्या बाह्य भागांत व तिच्या आंतल्या गोळ्यांत वक्र खांचा पाडल्या आणि त्यांत पोलादी सहा गोळ्या बसविल्या. सांधा कसाही वांकला तरी ह्या गोळ्या नेहमीं दोन दांड्यांमधील कोनाच्या बरोबर मध्यावरच्या पातळींत राहतात. त्यामुळें दोन्ही दांडे सर्व काळ समान गतीनें फिरतात. ह्यालाच सीव्ही जॉइंट, म्हणजे समगति सांधा, असें नांव आहे. १९५९ सालीं इंग्लंडांत अलेक इसिगोनिस यांच्या आराखड्यावरून निघालेल्या मिनी गाडींत हा सांधा वापरला गेला आणि पुढल्या चाकांनीं ओढणाऱ्या लहान गाड्यांचा मार्ग खुला झाला. आपल्या देशांत डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० आली, तिच्याबरोबर हा सांधाही घरोघर आला. त्यापूर्वींची अँबेसडर, किंवा मुंबईंत कुर्ल्यास तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी, ह्या मागल्या चाकांनीं ढकलणाऱ्या गाड्या होत्या. म्हणून वळणावरची ही 'कट् कट्' जुन्या चालकांना ओळखीची नव्हती.

हा सांधा ग्रीसमध्यें बुडालेला असतो, आणि त्यावर चुण्यांचा रबरी बूट चढविलेला असतो. बूट फाटला कीं ग्रीस बाहेर उडतें व धूळ-पाणी आंत शिरतें. मग गोळ्या व खांचा एकमेकांस खातात, खांचा रुंदावतात, आणि चाक वळवून जोर दिला कीं गोळी खांचेच्या कांठावर आपटते. तीच ती 'कट् कट्'. डावीकडे वळतांना गाडीचा भार उजव्या बाजूस जातो, म्हणून त्या वेळीं आवाज वाढला तर बहुधा उजवा सांधा दोषी असतो. उजवीकडे वळतांना वाढला तर डावा. परीक्षा करण्यासाठीं मोकळ्या मैदानांत स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी अगदीं हळू गोल फिरवावी, आणि हलकेच ॲक्सिलेटर दाबावा. आधीं एका दिशेनें, मग दुसऱ्या. त्यानंतर गाडी उभी करून, एंजिन बंद करून, चाकामागें डोकावावें. चाकाच्या आंतल्या अंगास काळें ग्रीस उडालेलें दिसलें म्हणजे आणखी पुरावा नको. एक्सलच्या आंतल्या टोंकासही असाच एक सांधा असतो. तो झिजला तर वळणावर आवाज न येतां सरळ जातांना जोर दिल्याबरोबर धक्का किंवा थरथर जाणवते.

ही खटखट सोसून चालण्यासारखी नाहीं. रबरी बूट वेळींच बदलला तर थोडक्यांत भागतें. सांधा गेला म्हणजे खर्च अनेक पटींनीं वाढतो. आणि सांधा चढावर अगदीं तुटला तर? एंजिनाची शक्ति तुटलेल्या बाजूनें वायां जाते, दुसऱ्या चाकासही ती पोहोंचत नाहीं, आणि गिअरमध्यें ठेवूनही गाडी जागीं ठरत नाहीं; ती केवळ ब्रेकच्या आधारानें उभी राहते. पसरणीच्या घाटांत आम्ही कोणत्या सांध्यावर विसंबून होतों हें कळलें, तेव्हां मागच्या बाकावरील माणसें आठवून अंगावर कांटा उभा राहिला.

आतां एंजिनाच्या गोटांतील आवाज थोडक्यांत सांगतों. शिवणयंत्रासारखी हलकी टिकटिक बहुधा टॅपेटची असते. ती ऐकतांच प्रथम तेलाची पट्टी काढून पाहावी, कारण तेल कमी झाल्यानेंही ती वाढते. एंजिनाजवळ धुराच्या नळीचा सांधा फुटला तर 'चिक् चिक्' असा आवाज येतो. तो सकाळीं एंजिन थंड असतां मोठा असतो आणि धातु तापून प्रसरण पावला म्हणजे पुष्कळदां बारीक होतो. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो, म्हणून तिकडे काणाडोळा करूं नये. चढावर जोर देतांना डब्यांत खडे हलविल्यासारखा आवाज आला, तर इंधन वेळेपूर्वीं किंवा एकदम भडकत आहे असें समजावें. आणि किल्ली फिरवितांच नुसती 'टक् टक् टक्' होऊन एंजिन सुरूच झालें नाहीं, तर आधीं बॅटरी व तिचे चिमटे पाहावे.

आवाजाचा विचार झाला, आतां दुर्बळतेचा. सपाटीवर ठीक चालणारी गाडी चढावरच कां हटते? समजा, माणसांसह गाडीचें वजन १,१०० किलो आहे व ती ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर, चालली आहे. सपाट रस्त्यावर टायरचें घर्षण व हवेचा रोध ह्यांस मिळून सुमारें २ किलोवॅट शक्ति पुरते. परंतु वीस मीटरांस एक मीटर असा चढ लागला म्हणजे गाडी सेकंदास अर्धा मीटर वर उचलावी लागते. त्यास १,१०० × ९.८ × ०.५, म्हणजे सुमारें ५.४ किलोवॅट अधिक लागतात. एकूण काम साडेतीन पटींहून अधिक झालें. जो मुलगा घोकून पाठ म्हणतो त्याचें अज्ञान नवें उदाहरण घातल्यावरच उघडें पडतें, तसें अशक्त एंजिनाचें बिंग चढावर फुटतें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. उंचावर हवा विरळ असते, आणि साध्या पेट्रोल एंजिनाची शक्ति दर हजार मीटर उंचीस ढोबळ मानानें दहाव्या हिश्श्यानें घटते. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच आहे. तेथें निरोगी गाडीही कोंकणांतल्यापेक्षां थोडी मंद वाटेल. तो रोग नव्हे. मात्र दचके खाणें हा रोगच.

पेट्रोल एंजिनास चार गोष्टी लागतात: हवा, इंधन, ठिणगी आणि दाब. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरामागें सुमारें नऊ घनमीटर, एका लहानशा खोलीचा मोठा भाग भरेल इतकी. एवढी हवा जेथून गाळून आंत जाते तो फिल्टर धुळीनें बुजला असेल तर एंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून पहिली तपासणी त्याची. ती फुकट होते. इंधनाचा फिल्टर बुजला किंवा पंप थकला, तर गाडी हळू चालतांना ठीक असते व जास्त मागणी होतांच उपाशी पडते. दाब कमी झाला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हाल्व्ह झिजले, तर अशक्तपणा एका दिवसांत न येतां वर्षानुवर्षें वाढतो. आणि एंजिन खोलण्याची गोष्ट काढावयाची ती केवळ ह्या ठिकाणीं, तीही दाबमापकानें प्रत्येक सिलिंडर मोजून झाल्यावर.

कधीं कधीं एंजिन निर्दोष असतें, पण त्याची शक्ति वाटेंत हरवते. एंजिनाचा आवाज चढतो, फेरे वाढतात, परंतु वेग वाढत नाहीं, असें झालें तर क्लच घसरत आहे. ब्रेक चाकाला चिकटून राहिला असेल, तर थोडें चालून थांबल्यावर एकच चाक इतरांपेक्षां फार तापलेलें आढळतें. हात जवळ न्यावा, टेकवूं मात्र नये. आणि सायलेन्सरच्या वाटेवरील धूर शुद्ध करणारा डबा बुजला, तर एंजिनास श्वास सोडतां येत नाहीं; वेग कांहीं मर्यादेपुढें जातच नाहीं.

राहिली ठिणगी, आणि आमच्या गाडीचा दुसरा रोग तेथेंच होता. सिलिंडरांत मिश्रण जितकें अधिक दाबलें जातें, तितका प्लगच्या फटींतून ठिणगीस उडी मारण्यास अधिक विद्युद्दाब लागतो. सपाटीवर ॲक्सिलेटर थोडा दाबलेला असतो, मिश्रण थोडें असतें, आणि दुबळी कॉइलही वेळ मारून नेते. चढावर ॲक्सिलेटर तळाशीं गेला कीं तिची शक्ति पुरत नाहीं. ठिणगी चुकते, एक सिलिंडर काम सोडतो, आणि गाडी दचका खाते. चार बैलांच्या नांगराचा एक बैल ऐन चिखलांत बसावा तसा हा प्रकार.

हें मिस्त्रींनीं कसें शोधलें तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आजच्या मोटारींत एक लहान संगणक असतो व तो आढळलेल्या दोषांची खूण नोंदून ठेवितो. अमेरिकेंत १९९६ पासूनच्या मोटारींस अशा खुणांची एकच पद्धत सक्तीची झाली, व पुढें ती आपल्याकडील गाड्यांतही आली. मिस्त्रींनीं हाताएवढें एक यंत्र गाडीस जोडलें. त्यावर 'पी ०३०३' अशी अक्षरें उमटलीं. ह्याचा अर्थ, तिसऱ्या सिलिंडरांत स्फोट चुकत आहे.

आम्हीं लगेच विचारलें, "म्हणजे तिसरी कॉइल बदलावयाची ना?"

"सर, यंत्र कुठें दुखतं तें सांगतं, कां दुखतं तें सांगत नाहीं," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनीं तिसऱ्या सिलिंडराची कॉइल काढून दुसऱ्यावर बसविली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. आणखी कशालाही हात लावला नाहीं. जुनी खूण पुसून गाडी एका चढावर नेऊन आणली. आतां यंत्रावर 'पी ०३०२' उमटलें. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता! प्लगचा, इंधनाचा वा दाबाचा दोष असता, तर तो तिसऱ्या सिलिंडरापाशींच राहता. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि फळ कोणाबरोबर जातें तें पाहावें, हा प्रयोगशाळेंतील पहिला नियम आम्ही फळ्यावर लिहितों. त्या दिवशीं तो तेलकट हातांनीं सिद्ध झालेला पाहिला.

तो लुकलुकणारा पिवळा दिवाही हेंच सांगत होता. दिवा स्थिर असेल तर सवडीनें पण लवकर तपास करावा. लुकलुकत असेल तर बहुधा ठिणगी वारंवार चुकत असते, न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या डब्यांत जाऊन पेटतें, आणि तो महाग डबा वितळून जाण्याचा संभव असतो. अशा वेळीं जोर देऊं नये. गाडी हळू नेऊन दुरुस्त करावी.

येथें एक उलट गोष्टही नमूद करणें न्याय्य आहे. दोन तक्रारींचें कारण कधींच एक नसतें, असेंही धरून चालूं नये. ज्या गाड्यांत प्लगच्या जाड तारा असतात, त्यांतील एखाद्या तारेस चीर पडली तर ठिणगी प्लगपर्यंत न जातां बाहेरच 'टिक् टिक्' करीत उडते; अंधारांत ती निळसर दिसते. तेव्हां आवाज व अशक्तपणा ह्या दोहोंचें कारण तेंच. एंजिनाजवळ धुराची नळी फुटली, तरीही दोन्ही लक्षणें दिसूं शकतात. म्हणून एक कीं दोन, हें आधीं ठरवूं नये. दोन्ही लक्षणें बरोबर येतात व बरोबर जातात कीं वेगवेगळीं, एवढें पाहावें. आमच्या गाडींत आवाज वळणाबरोबर येई व दचके चढाबरोबर. एकावांचून दुसरें दिसत होतें. हाच मोठा पुरावा होता, आणि तो तीन महिने आमच्या कानाशीं होता.

ज्यांस ह्या वाटेनें जावयाचें असेल त्यांनीं क्रम असा ठेवावा. प्रथम आवाज केव्हां येतो, कोणत्या वेगांत येतो, थंड असतां कीं तापल्यावर येतो, हें वहींत लिहावें. मग ज्यास पैसा लागत नाहीं तें पाहावें: टायर, नट, तेल, हवेचा फिल्टर, रबरी बूट. नंतर संगणकाच्या खुणा वाचाव्या. त्यानंतर अदलाबदलीची परीक्षा करावी. एंजिन खोलण्याची पाळी सर्वांच्या शेवटीं. परंतु कांहीं गोष्टी मुलांनीं मुळींच करूं नयेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. बंद खोलींत एंजिन चालवूं नये. आणि चालत्या एंजिनाच्या प्लगच्या तारेस हात लावूं नये, तिच्यांत हजारों व्होल्टचा विद्युद्दाब असतो.

आमच्या गाडीस एक कॉइल आणि उजव्या बाजूचा एक सांधा बुटासह नवीन बसविला. सर्व मिळून खर्च नऊ हजारांच्या आंत आला. आणि लक्षांत घ्या, चाळीस हजार देऊन एंजिन खोललें असतें, तरी त्या सांध्यास कोणाचा हात लागला नसता. तो तसाच घाटांत परत गेला असता.

पुढल्या महिन्यांत आईस घेऊन आम्ही पुन्हां पसरणीच्या घाटानें वर गेलों. गाडी एकदांही दचकली नाहीं. भविष्य निर्वाह निधीचा अर्ज आम्हीं आधींच फाडून टाकला होता. आणि शाळेच्या फाटकापाशीं वळतांना अजूनही आम्ही रेडिओ बंद करितों.